डमीला भरवलेली खिचडी

“तू डमी पे कर ले, बेटा.”

मॅडमच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. गोंदियाच्या त्या केंद्रात आम्ही रुग्णसेवा शिकत होतो. त्या दिवशीचा धडा होता, पेशंटला भरवायचं कसं. एकीने पेशंट होऊन खुर्चीत बसायचं, दुसरीने खिचडी भरवायची. माझ्यासमोरची खुर्ची रिकामी राहिली. तिथं बसणार होती ती माझ्याच गावची, धानाची शेती असलेल्या घरची.

“माहा उपास हाये,” ती म्हणाली. सकाळी तिनं केंद्राबाहेर समोसा खाल्ला होता. माझ्यासमोर.

मी डमीला भरवलं. प्लास्टिकचे ओठ उघडत नाहीत. खिचडी हनुवटीवरून गळ्यावर उतरली. मी फडक्यानं पुसत राहिले. पोरी हसल्या. मॅडम म्हणाल्या, “बढिया.”

आमचा बौद्ध मोहल्ला गावाच्या टोकाला. हे त्या पोरीनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तेव्हापासून नाडी बघणं, अंग पुसणं, पट्टी बांधणं, माझं सगळं डमीवर. आणि रोज सकाळी आम्ही समानतेची शपथ घ्यायचो. जात बघणार नाही, धर्म बघणार नाही, भाषा बघणार नाही. माझा आवाज खणखणीत, म्हणून शपथ मीच सांगायची. बाकीच्या मागून म्हणायच्या.

चीड यायला हवी होती. मला लाज आली. वाटायचं, आपल्याच हातात काही असेल. नखं मुळापर्यंत कापली. हात इतके घासले की बोटांची सालं निघाली.

रविवारी अर्जुनी मोरगावकडं, गावी गेले. माय शेतातून, धानाच्या रोवणीवरून आली होती. मी घरी आले की भात कालवून पहिला घास ती मला भरवायची. लहान होते तेव्हापासून. घास तोंडाशी आला. तिच्या बोटांच्या चिरांत बांधीतला चिखल होता. तो कधीच निघत नाही. मी तोंड मागं घेतलं.

“माय, हात धुतले का?”

तिचा हात तिथंच थांबला.

“धुतले ना वं. काऊन?”

ती उठली. राखेनं पुन्हा हात धुऊन आली. पण भरवलं नाही. ताट माझ्याकडं सरकवलं.

“खाय आपल्या हातानं. शिकून राहिली ना तू आता.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पोरीनं निदान उपासाचं खोटं कारण तरी दिलं होतं. मी मायेला तेही दिलं नाही. त्या पोरीत आणि माझ्यात फरक काय राहिला? केंद्रात मी काय शिकले ते मला त्या ताटासमोर कळलं.

परीक्षेला बाहेरून एक सर आले. मी पास झाले तरच मला दवाखान्यात काम मिळणार होतं. माझी पाळी आली. मॅडमनी डमीकडं बोट केलं.

“मी डमीले नाही भरवणार,” मी म्हणाले. “माणसाले भरवीन. मॅडम, तुम्ही बसा.”

“बेटा, टाइम मत खराब कर.”

“बसा ना मॅडम,” सर म्हणाले. “दोन मिनिटांचं तर काम आहे.”

मॅडम बसल्या. बसावंच लागलं. मी त्यांच्या गळ्याशी रुमाल लावला, शिकवला होता तसा. चमचा ओठांपाशी नेला. ओठ मिटलेले. मी थांबले. खिचडी निवत गेली.

“मेरा व्रत है,” त्या मान वळवून म्हणाल्या.

या वेळी कोणी हसलं नाही. सरांनी घड्याळाकडं बघितलं. “जाऊ दे पोरी, डमीवर कर. मार्क देतो.”

“भरवता येते मले,” मी म्हणाले. “खाणारा माणूस आणा.”

कोणी आणला नाही. माझ्या गावच्या त्या पोरीनं मान खाली घातली. मला नापास केलं.

माय अजून मला भरवत नाही. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, “जाऊ दे वं.” पण तिचा हात पुन्हा माझ्या तोंडाकडं आला नाही. तो गुन्हा माझा. मॅडमवर ढकलून मी सुटणार नाही.

परीक्षेला मी पुन्हा बसणार आहे. त्याच केंद्रात, त्याच खुर्चीसमोर. शपथ आता दुसऱ्या कोणी सांगावी. मी खिचडी घेऊन उभी राहीन, आणि समोर माणूस बसेपर्यंत चमचा उचलणार नाही.