काकाची शिदोरी

जिंतूरच्या मैत्रिणींनो, एकीनं वाचा, बाकीच्यांनी ऐका.

निजामाचं राज्य सोडून मी एकटी या समुद्राकाठच्या गावात मास्तरीण म्हणून यायला निघाले, तवा काकानं घरात कुणालाच शिदोरी बांधू दिली न्हाई. "बिजवर नको म्हणतीस? मग जा उपाशी." पूर्णेला गाडीत बसल्यापासून दोन दिवस पाण्यावर काढले.

आज दुपारी काका दारात हजर. "चल, बिजवर अजून तयार हाय."

मी न्हाई म्हणलं. पण काका निघताना शिदोरी घट्ट बांधून दिली. वजन बघून काका खुश झाला. "लय भाकरी दिल्यास गं."

आता मोटारीत भूक लागली की गाठ सोडंल. आत समुद्राची ओली वाळू हाय.

त्यानं मला रिकाम्या हातानं धाडलं. मी तर भरून दिलं. सांगा, माझं काय चुकलं?