आईच्या टॅबचं सिम

४ मे, सोलापूर. काम एकच होतं: आईला नवा टॅब घेणं. जुन्याची बॅटरी फुगून पाठ वर आली होती. नवा नुसता वायफायवर चालणारा घ्यायचा की स्वतःचं सिम घालता येईल असा, एवढंच ठरवायचं होतं. पुण्याहून निघताना वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे. आख्खा दिवस गेला. का गेला ते लिहून ठेवते. माझ्यासारख्या ज्या बाहेर पडल्या आणि ज्यांच्या आया मागं राहिल्या, त्यांच्या उपयोगी पडेल.

मी भवानी पेठेतलं हे घर सोडलं त्याला सव्वीस वर्षं झाली. पुण्यात एका कारखान्यात नोकरी लागली होती. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. खालच्या खोलीत आमचे दोन यंत्रमाग चालू होते. ऑर्डर होती, त्यामुळं अण्णांनी माग बंद केले नाहीत, हात पुसत नुसते दारापर्यंत आले. आईनं माझ्या पिशवीत सहा टॉवेल कोंबले. सगळे डागी. आमच्या घरात चांगला माल कधी वापरलाच नाही, तो विकायचा, आणि सूत तुटलेला, तेल लागलेला घरी ठेवायचा. “डागी हायत, पण पुण्यात कोण बघतंय?” आई म्हणाली. रिक्षा सुरू झाली तेव्हा ती दारातून अजून काहीतरी म्हणाली. मागांच्या खडखडाटात ते ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

तेव्हा आमच्याकडं फोन नव्हता. मी रविवारी बूथवरून शेजारच्या किराणा दुकानात फोन करायचे. दुकानदार गल्लीत ओरडायचा, “नंदाचा फोन आलाय!” आई ओल्या हातानं पळत यायची. गिऱ्हाइकं गप्प बसून ऐकायची. आई म्हणायची, “बरं हाय. सगळं बरं हाय. तू जेवतीस का?” मग घरात फोन आला तो दादाच्या खोलीत. मग दादाचा मोबाइल आला. त्यावर आई बोलायची तेव्हा तो शेजारी उभा असायचा, कारण फोन परत द्यायचा असायचा. वाक्य तेच: बरं हाय.

अण्णा गेले, माग भंगारात गेले. पाच वर्षांपूर्वी मी आईला टॅब घेऊन दिला. नव्या पेठेतल्या दुकानातल्या पोरीनं विचारलं होतं, “घरात वायफाय आहे का? मग सिमवाला कशाला घेताय?” मला पटलं. वस्तू घरातून हलणार नाही, घरात वायफाय आहे, मग दुसरं कनेक्शन कशाला? मी स्वतःला व्यवहारी समजते. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता आईचा व्हिडिओ कॉल. पाठीमागं हिरवी भिंत, अलीकडं दोन वर्षं कोपऱ्यात मीटरच्या पेटीची कड. वरच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीची भिंत हिरवीच आहे. मी पाच वर्षं ती बघत होते. माझी नोकरी क्वालिटीची, दिवसभर मालातले दोष काढायची. मीटर कधी कुणाच्या खोलीत असतो का, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

यावेळी मी उद्या येते म्हणाले होते आणि आदल्या दिवशीच आले. गल्लीत शिरले तेव्हा सात वाजत होते. फोन वाजला. आई, हिरवी भिंत, मीटरची कड.

“कुठं बसलीस?” मी सहज विचारलं.

“खोलीत की. आणि कुटं?”

तोवर मी दारात पोचले होते. आई जिन्यात, हिरव्या भिंतीला आणि मीटरच्या पेटीला पाठ लावून बसली होती. सातव्या पायरीवर, बुडाखाली डागी टॉवेलची घडी, गुडघे पोटाशी. हातातल्या टॅबवर माझं तोंड होतं आणि मी समोर उभी होते. तिनं आधी टॅबकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“अगं बया, उद्या येणार हुतीस न्हवं!”

गुडघ्यांमुळं दादानं तिला दोन वर्षांपूर्वी खालच्या खोलीत आणलं होतं, मागांच्या जागी. त्यानंतर माझं इकडं येणं झालं नव्हतं, त्यामुळं ते मला माहीत नव्हतं. कुणी लपवलं नाही, कुणी सांगितलंही नाही. राउटर वर. खालच्या खोलीत रेंज पोचत नाही. सातव्या पायरीपर्यंत येते. म्हणजे चढायला नको म्हणून जिला खाली आणलं, ती रोज सात पायऱ्या चढून मला सांगत होती, बरं हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला मी विषय काढला. टॅब सिमवाला घेते.

दादा हसला. “घरात वायफाय हाय की गं. एका घरात दोन-दोन कनेक्शनं कशाला?”

“खाली येत नाही.”

“मग खाली एक डबा बसवतो की रेंजचा. कवापासून म्हणतोय मी.”

“कवापासून म्हणतोयस, ते मलाही कळलंय.”

वहिनी पोळ्या लाटत होत्या, त्या थांबल्या. “वन्सं, आमी काय आत्याबाईंना बोलू देत न्हाय का? वर यावं, सोफ्यावर बसावं, बोलावं. कुणी अडवलंय?”

“मग आई जिन्यात का बसते?”

आई कपातल्या चहाकडं बघत होती. शेवटी दादा खरं बोलला. “लोकं काय म्हणतील? म्हातारीला वेगळं काढलं म्हणतील. आज सिम वेगळं, उद्या गॅस वेगळा.”

आमच्याकडं असंच असतं. चूल वेगळी झाली की घर मोडलं, हे गल्लीला कळतं. पण आईची खाट घराच्या दुसऱ्या टोकाला गेली, ताट खाली यायला लागलं, ते वेगळं नव्हतं. वेगळं होणार ते सिमनं. मी वाद घातला नाही. माझा हिशेब सोपा होता: दादाच्या पोराच्या परीक्षेला राउटर बंद, दादा-वहिनी गावाला गेले की राउटर बंद. ज्याचं बटण वर आहे ती वस्तू वरच्यांची. आईला स्वतःचं हवं.

सिमवाला टॅब घेतला. सिम आईच्या नावावर काढायचं होतं, पण तिचा अंगठा मशीनवर उमटेना. टॉवेलच्या दशांना गाठी मारून बोटांच्या रेषा झिजल्यात. दुकानदारानं स्पिरिटनं पुसून बघितलं, तेल लावून बघितलं. आई म्हणाली, “व्हता की अंगठा, गेला कुटं आता!” आणि दुकानात सगळे हसले. सिम माझ्या नावावर निघालं.

दुपारी मी तिला सगळं शिकवलं. मग म्हणाले, “मी कोपऱ्यावर जाते, तिथून लावते. तू दार लाव आणि खाटेवर बस. तिथूनच बोलायचं.”

कोपऱ्यावर पाण्याची टाकी आहे. तिच्या सावलीत उभी राहून मी कॉल लावला. आई दिसली. पाठीमागं चुन्याची भिंत, तिच्यात अजून मागाचे दोन बोल्ट रुतलेले. इतकं स्वच्छ चित्र मी पाच वर्षांत बघितलं नव्हतं. तिच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता. ती कुजबुजत होती.

“मोठ्यानं बोल. कुणी ऐकत नाही.”

“कुणीच न्हाय?”

“कुणीच नाही. दार लावलंयस ना?”

“व्हय.” मग तिनं टॅब जवळ धरला. “नंदे, मला तुझ्याकडं ने की. हितं नगं झालंय मला. मारत न्हाईत, उपाशी ठेवत न्हाईत, पर कुणी बोलत न्हाय गं. ताट ठेवत्यात आन जात्यात. मला एक कोपरा दे, बास.”

मी टाकीच्या सावलीत आणखी आत सरकले.

“लेकीच्या घरी राहायचं नसतं, असं मी म्हणायची न्हवं, ते वरची ऐकत्यात म्हणून म्हणायची.”

हे वाक्य मला सव्वीस वर्षं उपयोगी पडलं होतं. लेकीच्या घरी राहायचं नसतं, असं आईच म्हणते, मग मी काय करणार? सासूबाईंना, नवऱ्याला, मैत्रिणींना मी हेच सांगत आले. माझी कारणं खोटी नाहीत. पुण्यातलं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एका खोलीत सासूबाई, अंथरुणाला खिळलेल्या. मी सकाळी सातला बाहेर पडते. सगळं खरं आहे आणि सगळं मला सांगता आलं असतं.

मी म्हणाले, “आई, आवाज तुटतोय गं. काही ऐकू येत नाहीये.”

चित्र हललंसुद्धा नाही. आईनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, “बरं. बरं हाय. सगळं बरं हाय,” आणि मी शिकवलं होतं तसं लाल बटण दाबलं.

टाकीपाशी उभी राहून मी दादावर रागवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तो खोलीपर्यंत ताट तरी आणतो. मी इतकी वर्षं “घर” म्हटलं की हे भवानी पेठेतलं घर डोळ्यांपुढं आणायचे. जाताना कुलूप लावावं लागत नाही, आत आई असते, ते घर. बाहेर पडलेल्या आम्हा सगळ्यांना ते तसंच लागतं. आई तिथंच लागते, म्हणजे आपल्याला जाता येतं. आईला सिम घेऊन देताना मला वाटलं होतं, मी तिला जिन्यातून सोडवतेय. मी तिला त्या खोलीत नीट बसवून देत होते.

घरी आले. वहिनींनी आमटी छान केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी टॅबला वर्षभराचा रिचार्ज मारला. चार्जरची वायर तिच्या हाताला येईल अशी खाटेच्या पायाला बांधली. सातव्या पायरीवरचा टॉवेल उचलून घडी घातली. रिक्षा दारात आली तेव्हा आई उंबऱ्याशी आली. खालच्या खोलीत आता माग नाहीत. अगदी शांत असतं.

“रेंज लई चांगली हाय गं ह्याची,” ती म्हणाली. “काल बोलताना तुझं तोंड लख्ख दिसत हुतं.”

मी रिक्षावाल्याला म्हणाले, “स्टेशन.”