जुना पार्ट दाखवा

आधीच सांगते — या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसत आले आहे. दोनदा तर ते खोडून काढणारी पत्रंही पाठवली होती, छापली गेली नाहीत. माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. बाबा साताऱ्यात हायस्कूलला विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी बुवाबाजीविरुद्धची पत्रकं घेऊन माण, कोरेगाव, कडेगावकडची गावं पालथी घालायचे. पुढच्या सीटवर मी, माझ्या मांडीवर गठ्ठा. भानामती असो की अंगात येणं, बाबांचं उत्तर एकच असायचं: दाखवा. त्यामुळे हे वाचून कुणी गाडीला लिंबू-मिरची बांधणार असेल तर कृपया बांधू नका. मी त्यासाठी लिहीत नाहीये. मला हे कुणाला तरी सांगायचं आहे, आणि ज्यांना सांगितलं असतं ते आता नाहीत.

गाडी पांढरी, माझ्याहून एका वर्षाने मोठी. तिला हात लावणारा माणूस एकच, कोरेगावचे बाबूमिस्त्री. त्यांच्याकडे बाबांचा एक नियम होता. पार्ट बदलला की जुना आधी हातात द्यायचा, मगच पैसे. अविश्वास म्हणून नव्हे, दोघांची वीस वर्षांची मैत्री होती. पण जे बघितलं नाही त्याचे पैसे मी देणार नाही, असं बाबा त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि मिस्त्री हसत तेलकट पार्ट पुढे करायचे. बाबा तो उरलेल्या पत्रकात गुंडाळायचे, वर पेन्सिलीने मीटरचा आकडा लिहायचे आणि डिकीत स्टेपनीशेजारच्या पोत्यात टाकायचे.

बाबा जाऊन दीड वर्ष झालं. आई मी लहान असतानाच गेली. आता घरात मी आणि दारात गाडी. तीही एकेक अवयव टाकत चाललेली... आधी रेडिएटर, मग क्लचप्लेट, मग सेल्फ. एका महिन्यात तर घरभाड्यापेक्षा जास्त तिच्यावर गेले. मी एका छोट्या छापखान्यात मुद्रितं तपासते, त्या पगारात आम्हा दोघींचं भागेना. पत्रकं वाटायला मी अजून जाते. पण बरोबरची माणसं पांगली, काही पुण्याला गेली, एक जण तर चक्क एका महाराजांच्या मठात. शेजारची सीट रिकामी असते. आणि मी एक गोष्ट सोडून दिली होती — जुने पार्ट मागणं. घरी नेऊन दाखवायचे कुणाला?

उन्हाळ्याच्या तोंडावर ब्रेकचं पॅडल खाली बसायला लागलं. दोन-तीनदा दाबावं तेव्हा गाडी थांबायची. मिस्त्रींनी बघितलं आणि सांगितलं, मास्टर सिलिंडर गेला, म्हणजे ब्रेकचं तेल दाबून पुढे ढकलणारी नळीच. मी विचारलं, तो बदलला की मग पुढचं काय निघेल? त्यांनी फडक्याला हात पुसले.

"पोरी, खरं सांगू का? ह्या गाडीत आता सरांची आठवण सोडली तर वरिजिनल काय बी न्हाई. कुठवर घालशील?"

मी ठरवलं, पुरे. सांगलीत एक भंगारवाले बरा भाव देतात असं कळलं होतं. मिस्त्री म्हणाले, टोचन करून ने. मला ते नको होतं. शेवटच्या दिवशी तिला दोरीला बांधून ओढत न्यायचं... नाही. हायवे टाळून रहिमतपूर, पुसेसावळी, कडेगाव अशी आतल्या रस्त्याने हळूहळू निघाले. हा मूर्खपणा होता, मान्य आहे.

कडेगावच्या अलीकडे एक कडुलिंब आहे. बाबा डबा खायला कायम तिथेच थांबायचे. मीही थांबले. दुपारचे साडेबारा झाले असतील, रस्त्यावर चिटपाखरू नाही. भंगारवाल्यांनी मीटरचा फोटो मागितला होता, तो काढून पाठवला. १,८६,७४२. गाडी लॉक केली, किल्ली ओंजळीत घेतली आणि बांधावर जाऊन बसले. गाडीकडे माझी पाठ होती, कारण तिच्याकडे बघत जेवण गेलं नसतं. शेंगदाण्याची चटणी मी दोघांपुरती आणली होती, सवयीने. वीस-पंचवीस मिनिटं बसले असेन. आवाज काही आला नाही.

पुढच्या उतारावर ब्रेक दाबला आणि पॅडल पहिल्याच दाबाला घट्ट लागलं. मला वाटलं, गाडी थंड झाली म्हणून असेल. सांगलीपर्यंत एकदाही पाय दोनदा मारावा लागला नाही.

भंगारवाले वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी अंगणातच गाडी मागे-पुढे करून बघितली, बॉनेट उघडलं आणि माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

"आवं ताई, सिलिंडर नवाकोरा हाय की. असला खर्च करून कोण गाडी भंगारात घालतंय?"

मी वाकून पाहिलं. सगळ्या काळ्या-तपकिरी इंजिनात तेवढी एकच वस्तू चकाकत होती. तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. गुपचूप बदललात ना, असं विचारल्यावर ते खरंच रागावले.

"मी टाकला असता तर जुना तुज्या हातात दिला नसता व्हय गं? तुज्या बापानं तेवढं तर शिकवलंय मला. जुना कुठं हाय, त्ये बघ आधी."

फोन चालू ठेवूनच मी डिकी उघडली. दीड वर्षात त्या पोत्यात मी काही टाकलं नव्हतं. सगळ्यात वर एक पुडी होती. जुना सिलिंडर, तेलाने ओला, बाबांच्या पत्रकात गुंडाळलेला. तशी पत्रकं घरात शेकड्याने पडली आहेत, त्यात नवल नाही. वर पेन्सिलीने आकडा होता: १८६७४२.

हस्ताक्षराबद्दल मी काही बोलणार नाही. आकडे कुणाचेही सारखे दिसू शकतात.

मी सगळे तर्क लावून बघितले आहेत. मिस्त्री खोटं बोलत असतील असं धरलं, तर त्या झाडाखालचा आकडा त्यांना कसा कळला? फोटो फक्त भंगारवाल्यांकडे होता आणि ते सांगलीत होते. मीच केलं आणि विसरले, असंही धरून पाहिलं. मला साधी स्टेपनी बदलता येत नाही. कुणाला सुचलं तर कळवा. पण "आत्मा घुटमळतोय" वगैरे लिहू नका, मी उत्तर देणार नाही.

गाडी मी परत आणली. अजून तेल पिते, अजून बंद पडते. पुढच्या वेळी मिस्त्रींकडे जुना पार्ट मागून घेतला आणि पत्रकात गुंडाळला.

एवढंच राहून गेलंय... बाबांच्या नियमाप्रमाणे जुना पार्ट हातात आला की पैसे द्यायचे असतात. पार्ट माझ्या हातात आहे. पैसे कुणाला द्यायचे, ते मला अजून कळलेलं नाही.