बांधापलीकडची हळद

धाकट्या वहिनीचं काही चांगलं झालं की आमच्या थोरल्या वहिनीच्या पोटात दुखायचं. मी दोघींची नणंद, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकून घ्यायची शिक्षा मला. दोघींच्या शेतांमध्ये एकच बांध. जंगल दोन्हीकडे, धाकटीच्या पूर्वेला आणि थोरलीच्या पश्चिमेला. थोरलीचा मका दरवर्षी रानडुकरं फस्त करायची. धाकटीने मात्र जंगलाच्या कडेला काटेरी बांबू लावला, मग सावलीची रानझाडं, त्यांच्याखाली हळद आणि बांधाजवळ पेरू. हळदीला डुकरं तोंड लावेनात. उजाड जमिनीवर पुन्हा झाडी उभी राहिली, पाखरं आली, लोक लांबून बघायला येऊ लागले. त्यात आमचा दादा, थोरलीचा नवरा, उठता-बसता धाकटीचे गोडवे गाणार!

"हळद लावली म्हणजे काय आभाळाला हात टेकले?" थोरली फणकारायची.

शेवटी दरवर्षीच्या नुकसानीला दादा वैतागला. शेत सोडून शहरात पहारेकऱ्याची नोकरी धरतो म्हणाला. आपणही पेरू लावू, ते धरेपर्यंत तरी थांबा, म्हणून थोरलीने त्याला कसंबसं अडवलं आणि गुपचूप धाकटीची नक्कल केली. तिला विचारायचं? मेलं तरी नाही! गवत कापायच्या निमित्ताने बांधावर बसून एकेक ओळ डोळ्यांत साठवली आणि जशीच्या तशी उतरवली. पूर्वेला बांबू, पश्चिमेला पेरू. आपलं जंगल पश्चिमेला आहे, हे त्या जळफळाटात तिच्या ध्यानातच आलं नाही.

पेरू धरले आणि डुकरांचं फावलं. खाली पडलेले पेरू खात ती आत शिरली, हळदीचे वाफे तुडवले आणि उरलेला मका आडवा केला. दादाने बॅग भरली.

थोरली बांधावर डोक्याला हात लावून बसली होती. मी शेजारी. तेवढ्यात धाकटी आली.

"ताई, बांबू उलट्या बाजूला लागलाय. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"आणि तोंड शिवून बसलीस?"

"सगळं घर तुम्हाला विचारून चालतं. मला कोण विचारतं? एकदा तरी तुम्ही विचारायला याल म्हणून थांबले. जळत होते मी तुमच्यावर."

थोरलीचा चेहरा चक्क खुलला. आपल्यावरही कोणी जळतं! मग दादाची बॅग आठवली आणि चेहरा पुन्हा पडला.

"बांबूची रोपं देशील?"

"देईन की."

"आणि यांना तूच सांग थांबायला," थोरली खाली बघत म्हणाली. "माझं नाही ऐकायचे. तुझं ऐकतील."