शिल्लक घरीच

आमच्या गावातल्या अडत्यांच्या मंडळाचा पैसा आमच्या घरी असे, कारण अप्पा मंडळाचे खजिनदार होते. अडतीला येणाऱ्या दर गाडीमागे धर्मादाय म्हणून थोडी रक्कम कापली जाई. ती गाडीवानांसाठी निवारा बांधायला होती. धर्मादायाला व्याज खपत नाही, म्हणून तो पैसा बँकेतही ठेवायचा नाही, आणि तो ज्या घरात असेल ते घर रिकामं सोडायचं नाही, अशी रीत होती. अप्पा दिवसभर अडतीवर असत, त्यामुळे आई गेल्यावर घरात थांबायला मीच उरले. सोलापूरची इंग्रजी शाळा त्याच वर्षी सुटली.

सुरुवातीला सगळी शिल्लक एका कापडी पिशवीत मावायची. ती कमरेला खोचून मी तेरणेवर धुणं घेऊन जाई. मग लढाई लागली, धान्याचे भाव चढले आणि निजामाच्या हाली रुपयांनी डबा भरला. डबा पदराखाली घेऊन शेजारी तरी बसता येई. पुढे लोखंडी पेटी आली. ती मला एकटीला हलत नव्हती. माझं जाणं परसातल्या आडापर्यंत राहिलं.

यंदा दिवाळीच्या आधी सोलापूरच्या त्या शाळेने विचारलं, लहान मुलींना शिकवायला येशील का. अप्पा म्हणाले, "निवारा होऊ दे. पेटी रिकामी झाली की जा."

पाडव्याला मंडळ आमच्या ओसरीवर बसलं. मी दाराआड चहा गाळत होते.

"लाकूड लई महाग झालंय," एक म्हातारे अडते म्हणाले. "लढाई संपू द्या, मग बघू निवाऱ्याचं."

अप्पा खाकरले. "पोरीला सोलापूरला जायचंय. पेटी दुसऱ्या कुणी न्यावी."

त्यावर म्हातारेच बोलले.

"आमच्यात सुना, पोरंसोरं, सारखं येणंजाणं. तुमच्याकडं कसं शांत हाय."

"अन् चोर आलाच तर पोरगी इंग्रजीत वरडंल," दुसरे म्हणाले. "त्यो तिथंच हात जोडंल."

सगळे हसले. अप्पाही हसले.

मग दरवर्षीप्रमाणे म्हाताऱ्या अडत्यांनी विचारलं, "शिल्लक कुठं हाय?"

"घरीच हाय," अप्पा म्हणाले.

वर्षाची जमा पेटीत ओतली, तर झाकण लागेना. त्या बैठकीत एकच खर्च मंजूर झाला, मोठ्या पेटीचा. माप घ्यायला त्यांना सुतळी हवी होती. ती मी आतून दिली.