कोपरा कापलेलं कार्ड

हवालदार आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत भाड्यानं राहायला आले, आणि पहिल्या दिवसापासून ते मला पटले नाहीत. खोटं कशाला बोलू? तोंडावर मी त्यांना काका म्हणायचे, मनात मात्र 'हा' म्हणायचे.

आमची चाळ घाटकोपरला, भटवाडीच्या वर, डोंगराला टेकलेली. गिरण्यांचा संप होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. माझी आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. गिरणी बंद पडली तशी ती माझ्याकडे आली. आमचे हे विक्रोळीला कारखान्यात, पोरं शाळेत. दुपारी घरात मी आणि आई दोघीच. आणि हा नेमका दुपारीच यायचा!

आल्या आल्या म्हणायचे, "काय वयनी, जेवलास?" आई आणि ते दोघंही मालवणाकडचे, मग काय, गप्पांना अंत नाही. चहात तीन चमचे साखर आणि तोंडात सगळी लढाई. जपानी ब्रह्मदेशात शिरला तेव्हा पूर्वेकडच्या कमांडीत मी होतो, असं ते सांगायचे. कमांड म्हणजे काय हे आईला कुठलं कळायला? तर एके दिवशी त्यांनी आमची मांडणीच खाली उतरवली. मोठं पातेलं ठेवलं. म्हणाले, ही कमांड, हिच्यात बंगाल, आसाम, बिहार, ओरिसा सगळं आलं. मग तांबे मांडले, ते एरिया. तांब्याखाली वाट्या, ते सब-एरिया. "आधी लढायचं नि सांभाळायचं सगळं एकाच पातेल्यात होतं, वयनी. मग सरकारनं लढणारी फौज तोडून वेगळी काढली. कमांडीकडे मागचा मुलूख ठेवला. रसद, इस्पितळं, रेल्वे, डाक."

आई सगळं लक्ष देऊन ऐकायची. संध्याकाळी मला म्हणाली, "ह्या वाटयेत तुझे बापूस असतले काय गो?"

माझे वडील त्याच लढाईत गेले. मी चार वर्षांची होते. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. आठवतात त्या आईच्या फुटलेल्या बांगड्या. हिरव्या काचा मी अंगणात गोळा करत बसले होते आणि कुणीतरी माझ्या हातावर चापट मारली.

माझा संशय कशावरून, तेही सांगते. लढाईतला माणूस गोळीबद्दल बोलेल की नाही? हा शाईबद्दल बोलायचा. पोत्यांबद्दल, शिक्क्यांबद्दल, फॉर्मांबद्दल. एकदा मी विचारलंच, "काका, तुम्ही किती जपानी मारलेत?" तर चहाच्या कपात बघत म्हणाले, "मोजले नाहीत, मुली." मोजायला एक तरी हवा ना!

दुसरी गोष्ट, त्यांच्या पिशवीत एक भिंग असायचं. आणि चाळीत ज्यांच्या घरातलं कुणी लढाईला गेलं होतं, त्यांच्याकडे हा जुनी कार्डं आहेत का म्हणून विचारत फिरायचा. शेजारीण मला नळावर म्हणाली, "सांभाळ गं बाई. म्हातारा एक दिवस तुझ्या म्हातारीला पळवून नेईल."

"तिला नेलं तर परत आणून सोडेल, तिचा चहा त्याला परवडायचा नाही," मी म्हटलं. "ट्रंक नेली तर काय करू ते सांग."

त्या ट्रंकेत आईचे दोन कागद होते. एक पेन्शनचा, इंग्रजीतला, सरकारी. दुसरं एक पोस्टकार्ड. त्याला ती 'मरणाचं कार्ड' म्हणायची आणि ते कधी काढून दाखवायची नाही. मला वाटायचं, हा कुठल्या तरी कोऱ्या कागदावर आईचा अंगठा घेणार आणि पेन्शनचं काहीतरी भलतंच होऊन बसणार. अशा गोष्टी तेव्हा खूप ऐकू यायच्या. मी ट्रंकेला कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधली.

पण आईनंच मागितली. हवालदार समोर बसलेले, आणि ही म्हणते, "किल्ली दी."

"कशाला?"

"माझी ट्रंक, माझो घोव. तू कोण इचारणारी?"

पुढं काय बोलणार? दिली. पण तिथंच, तिच्या पाठीशी बसून राहिले. म्हटलं, अंगठ्याचं नाव काढू दे, हात धरते.

अंगठ्याचं नाव निघालं नाही. हवालदारांनी कार्ड हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कार्डाचा उजवीकडचा वरचा कोपरा नव्हता. आपल्याकडे मरणाच्या पत्राचा कोपरा फाडतात, हे मी नव्यानं काय सांगायचं. वाचायच्या आधीच घरच्यांनी समजून घ्यावं म्हणून. असलं कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, बाहेर उभ्यानं वाचतात आणि फाडून टाकतात. गावी हे कार्ड आलं तेव्हा आजोबांनी कोपरा बघितला आणि मास्तरांना वाचूसुद्धा दिलं नाही. आत वाचण्यासारखं उरलं काय? आईच्या बांगड्या फोडल्या, दहावं-तेरावं केलं. कार्ड फाडायला परड्यात टाकलं होतं, ते आईनं लपवून ठेवलं. नवऱ्याची शेवटची आठवण म्हणून. पुढं सरकारचा इंग्रजी कागद आला, तेव्हा सगळे म्हणाले, तीच बातमी, आता शिक्का मारून आली.

मला वाचता येत होतं, मग मी कधी वाचलं नाही? नाही. मरणाचं कार्ड वाचायला बाहेर काढू नये, असं आईनं सांगून ठेवलं होतं, आणि मला भीतीही वाटायची.

हवालदारांनी भिंग लावून पाठीमागचा शिक्का बघितला. मग पेन्शनचा कागद बघितला. मग परत शिक्का. मग घसा खाकरून वाचायला लागले. "कळविण्यास कारण की, माझी प्रकृती आता ठीक आहे. ताप उतरला. काळजी करू नये. मुलीस जपावे, तिला विहिरीकडे एकटी सोडू नये. आईबाबांस नमस्कार."

आईनं तोंडावर पदर घेतला. "म्हणजे ह्यांनी स्वतः लिवलला?"

"स्वतःच, वयनी. कार्ड लिहिलं तेव्हा माणूस चांगला होता."

मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. संशयी बाईचे डोळे, दुसरं काय. नमस्काराच्या आधी दोन ओळी होत्या आणि त्या त्यांनी वाचल्या नव्हत्या.

"काका, मधल्या दोन ओळी राहिल्या."

"पुसट आहेत."

"माझे डोळे चांगले आहेत. आणा इकडे."

ते कार्ड सोडेनात. मी ओढलं तर फाटलं असतं. तेवढ्यात आई म्हणाली, "हवालदारांनु, माका अक्षर येणा नाय. पण ह्या कार्डावर किती वळी हत, ता माका ठावक आसा. चाळीस वर्षां बघतंय. तुमी सगळा वाचूक नाय."

मग त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. मी वाचलं. मधे लिहिलं होतं, "या पत्राचे उत्तर जरूर पाठवावे. बाकीच्यांची पत्रे येतात तेव्हा मी उठून बाहेर जातो."

वर कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

मीच विचारलं, "सरकारी कागदात तारीख कधीची?"

"कार्डानंतर अडीच महिन्यांनी. इस्पितळात वारले. ताप परत आला असेल."

अडीच महिने. इकडे आईच्या बांगड्या फोडलेल्या, आणि तिकडे माणूस रोज डाकेच्या वेळी उठून बाहेर जात होता.

"कोपरा कोणी फाडला?" मी म्हटलं. "ते स्वतःच कशाला फाडतील?"

"फाडलेला नाही, मुली. कापलाय. बघ, कड सरळ आहे." आणि मग हवालदारांनी सांगितलं. बंदूक त्यांनी हातात घेतली ती कवायतीपुरती. कमांडीच्या डाकेत, मराठी पत्रं वाचायच्या टेबलावर ते बसायचे. शिपायानं ठिकाणाचं नाव लिहिलं तर ते उडवायचं. आपली माणसं पत्राच्या उजव्या कोपऱ्यात 'मुक्काम अमुक' लिहिणारच, शाळेत तसंच शिकवलेलं. आधी काळी शाई फासायचे. पण उजेडासमोर धरलं की खालचं दिसतं, म्हणून वरून हुकूम आला, कापा.

"आणि गावी कापलेल्या कोपऱ्याचं काय होतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं? मालवणचे ना तुम्ही?"

"माहीत होतं."

"मग?"

"साहेबाला एकदा सांगितलं. साहेब म्हणाला, आत लिहिलेलं वाचतील ना तुमचे लोक? मी म्हटलं, येस सर." ते आईकडे बघत नव्हते. "मला वाटलं, वाचतील. कोणी तरी वाचेल."

"हे कार्ड तुम्हीच कापलंत?"

"रोज शेकड्यांनी यायची. टेबलावर आम्ही चौघं होतो. सांगता येणार नाही."

खरं सांगते, हे शेवटचं मला आजही पूर्ण पटलेलं नाही. शिक्का त्यांनी दोनदा बघितला होता. पण त्या दिवशी विचारायचा हक्क माझा नव्हता, आईचा होता, आणि तिनं ते विचारलंच नाही. तिनं विचारलं, "ते दोन वळी कित्याक गाळलास?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून, वयनी."

"त्येव्हाय तुमी असाच ठरवलास. आताय तुमीच ठरवतास."

हवालदार उठून जायला लागले, तर आईनं त्यांना खाली बसवलं. तिची गिरणीतली एक मैत्रीण गोवंडीला राहायची. मूळची साताऱ्याकडची, बौद्धांची. तिचा थोरला भाऊ त्याच लढाईत गेला, आणि त्याचंही कोपरा नसलेलं कार्ड तिच्या आईनं चुलीत न घालता जपून ठेवलं होतं. पाळीत जेवताना दोघी त्याबद्दल बोलायच्या. ते कार्डही कुणी वाचलेलं नव्हतं.

"रयवारी गोवंडीक जावा," आई म्हणाली. "तिका सगळा वाचून दाखवा. एकय वळ गाळू नकात."

"जातो, वयनी."

"एकटे नको. ही येतली तुमच्याबरोबर. हिका वाचूक येता."

रविवारी सकाळी मी घरात वरण-भात करून ठेवला, साडी बदलली आणि चाळीच्या पायऱ्यांवर त्यांची वाट बघत उभी राहिले. येतील की नाही, याचाही मला संशयच होता. आले. भिंग पिशवीत होतं. आम्ही दोघं डोंगर उतरून बसस्टॉपवर गेलो. गोवंडीची दोन तिकिटं मी काढली.