आईचा फोटो गोरा करू नका

"तू नको गं. तू बाजूला हो."

नेरळला ज्या बिल्डरच्या ऑफिसात मी कामाला आहे, तिथल्या मॅडम हे म्हणाल्या. बाहेर लावायच्या मोठ्या बोर्डासाठी फोटो काढत होते. आम्ही सगळ्या मुलींनी सारखे निळे कुर्ते घातले होते. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसत विचारलं, "तुमच्याकडे सगळे असेच असतात का?"

तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे, हे तिथल्या सगळ्यांना कळलं. मलाही. फोटोवाला खाली मान घालून कॅमेऱ्याची काच पुसत बसला. मी बाजूला झाले. वर मैत्रिणींच्या पर्सही सांभाळल्या.

पोशीरला घरी आले आणि आईला सांगितलं. वाटलं, चिडेल, त्या बाईला चार शिव्या घालेल. आई भाकरी थापत होती. हात थांबले.

"माजंच तोंड दिलं तुला," ती म्हणाली. "माजाच गुना हाय गं."

पिठाच्या हातांनीच डोळे पुसले तिने. अपमान माझा झाला आणि माफी माझ्या आईने मागितली. मॅडमचं बोलणं एक वेळ विसरेन. हे नाही.

लहानपणी आई मला घासायची. बेसन, साय, हळद. शाळेत जाताना मानेपर्यंत पावडर. घामाने तिचे ओघळ व्हायचे आणि पोरं खिदळायची. स्वतः आई लग्नात फोटोवाला दिसला की स्वयंपाकाकडे पळायची. "मी काय करू फोटोत? तुमी काढा." आमच्या एकाही अल्बममध्ये ती धड नाही. कुठे खांदा, कुठे पदर.

यंदा पाऊस सरता सरता आई गेली. कावीळ झाली होती. पुण्यानुमोदनाला विहारात बुद्धमूर्तीपाशी ठेवायला फोटो हवा होता. नव्हताच. शेवटी माझ्या मोबाइलमध्ये एक सापडला, लावणीच्या दिवसांत तिच्या नकळत काढलेला. गुडघाभर चिखलात आई, हातात भाताची रोपं, कुणाकडे तरी बघून हसतेय. तो नेरळच्या स्टुडिओत दिला.

दुसऱ्या दिवशी फ्रेम आणायला गेले. मागचं शेत गेलं होतं, निळं आकाश आलं होतं. आणि आई गोरी झाली होती. गाल गुलाबी. नाकसुद्धा बारीक केलेलं.

"ताई, गोरं करून दिलंय," स्टुडिओवाला कौतुकाने म्हणाला. "आपन सगल्यांचंच करतो."

भला माणूस. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. मेल्यावरसुद्धा माझ्या आईला बाजूला केलं होतं.

"ही माझी आई नाही," मी म्हणाले. "माझी आई काळी होती. काळीच पाहिजे."

"अवो, लोकं बगणार..."

"बघू देत."

तो पुन्हा करेपर्यंत मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. पडद्यावर आईचा रंग परत आला. रुंद नाक, जाड ओठ, उन्हाने चकाकणारं कपाळ. फोटोला येणाऱ्यांनी केस विंचरावेत म्हणून शेजारी आरसा होता. त्यात मी दिसत होते. तेच नाक. तेच कपाळ. किती सुंदर होतीस गं आई. एवढं साधं वाक्य तुला आयुष्यात कुणी म्हटलं नाही. मी स्टुडिओतच हुंदके देऊन रडले.

विहारात फोटो ठेवला तेव्हा मावशीने त्यावरून हात फिरवला. "आक्का जशीच्या तशी हाय," एवढंच म्हणाली.

ऑफिसचा बोर्ड आता बदलणार आहेत. पुन्हा फोटो काढणार. निळा कुर्ता धुऊन ठेवलाय. तोंडाला काही लावणार नाही. मधोमध उभी राहणार. मॅडम बाजूला हो म्हणाल्या, तर सगळ्यांसमोर विचारणार, का? नोकरी गेली तर जाऊ दे. हे तोंड माझ्या आईने दिलंय. त्याबद्दल तिने मागितलेली माफी मी परत घेतेय. मी हलणार नाही.